टाके निघाल्यानंतर

एप्रिल ॲशली लिव्हरपूलच्या गरीब वस्तीत वाढली, पुढे 'व्होग'मध्ये झळकली. 1960 साली तिने मोरोक्कोतल्या कासाब्लांकाला जाऊन लिंगबदलाची शस्त्रक्रिया करून घेतली. 1963 मध्ये जिब्राल्टरला तिचं आर्थर कॉर्बेटशी लग्न झालं. तिचा पूर्वेतिहास नवऱ्याला लग्नाआधीच ठाऊक होता. पुढे दोघांचं बिनसलं आणि हे लग्न मुळातच झालेलं नाही, असं म्हणत कॉर्बेट लंडनच्या न्यायालयात गेला. न्यायालयाने नेमलेल्या डॉक्टरांनी ॲशलीची तपासणी केली आणि शरीरसंबंधाला तिच्या बाजूने कसलीही आडकाठी नाही, असा अहवाल दिला. फेब्रुवारी 1970 मध्ये न्या. ऑर्मरॉड यांनी तरीही लग्न रद्द ठरवलं. ते स्वतः डॉक्टरही होते. जन्माच्या वेळी जे लिंग, तेच लग्नापुरतं कायमचं लिंग, असा त्यांचा निष्कर्ष होता. जाता जाता त्यांनी हेही नोंदवलं, की ती स्त्री आहे असं क्षणभर मानलं तरी शस्त्रक्रियेने घडवलेल्या योनीतल्या संबंधाला पतिपत्नीचा पूर्ण संबंध म्हणता येणार नाही.

त्या खटल्यात गुणसूत्रांपासून योनीच्या आकारापर्यंत साऱ्यावर तज्ज्ञांच्या साक्षी झाल्या. ते शरीर तिचं तिला कसं वाटतं, त्यात ती सुखी आहे का, याच्याशी निकालाला काहीच देणंघेणं नव्हतं.

या पुस्तकाचा विषय नेमका तोच आहे. शस्त्रक्रियेनंतर ट्रान्स स्त्री आपल्या शरीराकडे कशी पाहते, त्याला हात कधी लावते, दुसऱ्याला कधी लावू देते, कुणाला काय सांगते आणि काय राखून ठेवते. ट्रान्स स्त्रियांवर लिहिलं गेलेलं बहुतेक लिखाण ऑपरेशन थिएटरच्या दारापाशी संपतं. ही सवय जुनी आहे. 1 डिसेंबर 1952 रोजी न्यूयॉर्कच्या 'डेली न्यूज'ने क्रिस्टिन जॉर्गेन्सनची बातमी पहिल्या पानावर छापली. पूर्वाश्रमीचा अमेरिकी सैनिक कोपनहेगनहून सोनेरी केसांची सुंदरी होऊन परततोय, असा बातमीचा सूर होता. 'आधी' आणि 'नंतर' अशा फोटोंच्या जोड्या तेव्हा रूढ झाल्या, त्या आजच्या रील्सपर्यंत चालूच आहेत. याच जॉर्गेन्सनला 1959 मध्ये न्यूयॉर्कमध्ये लग्नाचा परवाना नाकारण्यात आला, कारण जन्मदाखल्यावर 'पुरुष' असं लिहिलेलं होतं. 'नंतर'च्या फोटोतली बाई त्यानंतर कशी जगली, याची चौकशी क्वचितच कुणी केली.

डॉक्टरांचा इतिहासही फार निराळा नाही. बर्लिनमध्ये माग्नुस हिर्शफेल्ड यांनी 1919 साली लैंगिक विज्ञानाची संस्था काढली. तिथे घरकाम करणाऱ्या डोरा रिश्टरवर 1931 मध्ये योनी घडवण्याची शस्त्रक्रिया झाली, नोंद असलेल्या अशा शस्त्रक्रियांत ती सर्वांत आधीच्यांपैकी. मे 1933 मध्ये नाझींनी ती संस्था लुटली, पुस्तकं जाळली. पुढे 1950 च्या दशकात कासाब्लांकाचे डॉ. जॉर्ज ब्युरू यांनी शिश्नाची त्वचा आत उलटवून योनीमार्ग तयार करण्याची पद्धत बसवली. ॲशली त्यांच्याकडेच गेली होती. एव्हरेस्टवरच्या पहिल्या यशस्वी चढाईची बातमी जगाला देणारी पत्रकार जॅन मॉरिसही 1972 मध्ये त्यांच्याकडेच गेली. कारण साधं होतं: ब्रिटनमधले डॉक्टर आधी घटस्फोट घ्या म्हणत होते, आणि तिची त्याला तयारी नव्हती. पुढे कायद्यापायी तिला आणि पत्नी एलिझाबेथला घटस्फोट घ्यावा लागला, पण त्या एकाच घरात राहत राहिल्या. 2008 मध्ये त्यांनी नागरी भागीदारी नोंदवून घेतली. कुठल्याही क्लिनिकच्या अर्जात या नात्यासाठी रकाना नव्हता.

अमेरिकेत 1960 च्या दशकात जॉन्स हॉपकिन्ससारख्या नामांकित संस्थांनी दारं उघडली खरी, पण आत शिरण्यासाठी परीक्षा होती. शस्त्रक्रियेनंतर पुरुषाशीच संसार करायची इच्छा हवी, दिसणं-वागणं चारचौघींसारखं हवं, आणि सध्याच्या शरीरातून कसलंही सुख मिळत असल्याची कबुली द्यायची नाही. ट्रान्स अभ्यासक सँडी स्टोनने 1991 मध्ये प्रसिद्ध झालेल्या निबंधात यातली मेख दाखवली. येणारी प्रत्येक उमेदवार डॉ. हॅरी बेंजामिन यांच्या 1966 च्या ग्रंथातली लक्षणं बरोबर सांगते, याचं डॉक्टरांना मोठं नवल वाटे. तो ग्रंथ उमेदवारांनीही वाचला होता, हे त्यांच्या बऱ्याच उशिरा ध्यानात आलं. परिणाम असा, की आपल्या वासनेविषयी खोटं बोलणं हीच शस्त्रक्रियेची पहिली पायरी ठरली. बायकांवर प्रेम करणाऱ्या, लग्नाची आस नसलेल्या, किंवा आपल्या शरीराशी जमेल तसं जुळवून घेऊन सुख मिळवणाऱ्या ट्रान्स स्त्रिया त्या नोंदींत दिसतच नाहीत.

म्हणून आधी शस्त्रक्रियेत होतं काय, ते सरळ शब्दांत सांगायला हवं. आजही सर्वांत रूढ असलेल्या पद्धतीत वृषण काढले जातात, शिश्नाची त्वचा आत वळवून योनीमार्ग तयार होतो, वृषणकोशाच्या त्वचेतून बाह्य ओष्ठ घडतात. शिश्नाग्राचा छोटा भाग त्याच्या नसा आणि रक्तवाहिन्यांसकट राखून त्यातून शिश्निका केली जाते. पुढचं बरंचसं सुख या राखलेल्या नसांवर अवलंबून असतं. प्रोस्टेट ग्रंथी काढत नाहीत. ती आता योनीच्या पुढच्या भिंतीमागे येते आणि अनेकींना संवेदना तिथूनही मिळते. (उतारवयात तिची तपासणी करायची, हे मात्र डॉक्टरही विसरतात आणि बाईही.) त्वचा पुरेशी नसेल तर मोठ्या आतड्याचा तुकडा किंवा पोटातलं अस्तर वापरतात. आतड्याच्या योनीला ओलावा आपोआप असतो, पण तो स्राव थांबवता येत नाही. त्वचेच्या योनीला बाहेरून जेल लावावं लागतं. आणखी एक पर्याय आहे, ज्याची चर्चा फार कमी होते: बाहेरची रचना पूर्ण करायची, पण आत मार्ग घडवायचाच नाही. ज्या स्त्रीला प्रवेशी संबंध नकोच आहे तिचा पुढचा बराच ताप त्याने वाचतो. जवळीक हवी तर कशी हवी, हा प्रश्न इथे शस्त्रक्रियेच्या आधीच विचारावा लागतो. तो विचारणारे सर्जन अजून कमीच आहेत.

शस्त्रक्रियेनंतर साधारण आठवड्याने आतलं पॅकिंग काढतात. बहुतेकींना आपलं नवं शरीर पहिल्यांदा दिसतं ते त्या दिवशी, पलंगावर पाय दुमडून, नर्सने धरलेल्या हातआरशात. दिसतं ते कुठल्याही फोटोसारखं नसतं. सूज इतकी की उजवं-डावं सारखं नाही, जांभळे-पिवळे डाग, काळ्या दोऱ्याचे टाके, बाजूला लघवीची नळी. काही जणी हसतात, काहींना रडू कोसळतं, काहींना काहीच वाटत नाही आणि त्याचीच भीती वाटते. सूज पूर्ण उतरायला महिने लागतात. नसा हळूहळू जाग्या होतात, अधूनमधून करंट बसल्यासारख्या कळा येतात, संवेदना वर्षभर बदलत राहते. ही माहिती आधी मिळालेली असेल तर आरशातला तो पहिला क्षण निभावतो. नसेल तर 'माझं बिघडलं' हा ग्रह त्याच दिवशी पक्का होतो.

मग सुरू होतं डायलेशन. कठीण प्लास्टिकच्या किंवा सिलिकॉनच्या, चढत्या जाडीच्या कांड्यांचा एक संच असतो. खोली कळावी म्हणून त्यांवर ठिपके किंवा रेघा असतात. जेल लावून ती कांडी आत सरकवायची आणि वीस-तीस मिनिटं तशीच ठेवायची. पहिले काही महिने दिवसातून दोन-तीन वेळा, पुढे दिवसाआड, मग आठवड्यातून एक-दोनदा, आणि हे बहुतेक जन्मभर. टाळलं तर मार्ग आकसतो. कागदावर हे सोपं वाटतं. कल्याण-डोंबिवलीतल्या वन-रूम-किचनमध्ये, जिथे सासू किंवा भाऊ किंवा हिजडा घराण्यातल्या पाच गुरुबहिणी राहतात, तिथे दिवसातून तीनदा अर्धा तास कडी लावून पडून राहायला जागा कुठून आणायची? कांड्या धुऊन वाळत कुठे घालायच्या? अनेकींच्या बाबतीत शस्त्रक्रिया यशस्वी होते की नाही, ते सर्जनच्या हाताइतकंच घराच्या कडीवर ठरतं.

मनाच्या बाजूने या कांड्यांचं काम आणखी अवघड आहे. औषधासारखं, घड्याळ लावून, दुखत असताना आपल्याच शरीरात काहीतरी घालायचं, आणि तोच भाग सुखाचा आहे हेही शिकायचं. समुपदेशक म्हणूनच सुचवतात, की डायलेशन आणि स्वतःला स्पर्श करण्याची वेळ वेगवेगळी ठेवावी. प्रवेशी संबंधाला डॉक्टर साधारण तीन महिन्यांनी परवानगी देतात, पण ही परवानगी जखमेपुरती असते. इच्छेचं वेळापत्रक त्यात येत नाही.

इच्छाही बदलते. टेस्टोस्टेरॉन उतरल्यावर मनात आपोआप येणारी वासना बऱ्याच जणींची मंदावते. ती स्पर्शातून, बोलण्यातून, विश्वासातून जागी होऊ लागते. हे माहीत नसलेली बाई आपण थंड पडलो असं समजते. बेल्जियममधल्या गेंटच्या संशोधकांनी 2005 मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात 32 ट्रान्स स्त्रिया होत्या. कामतृप्तीचा अनुभव पूर्वीपेक्षा अधिक तीव्र, मऊ आणि लांबणारा झाल्याचं त्यांतल्या अनेकींनी सांगितलं. पश्चात्तापाचे आकडे तर चर्चेत नेहमीच येतात. 2021 च्या एका आढाव्यात 27 अभ्यासांतल्या 7,928 जणांची माहिती एकत्र केली होती. पश्चात्तापाचं प्रमाण सुमारे एक टक्का निघालं. गुडघ्याच्या शस्त्रक्रियेनंतर याहून जास्त लोक कुरकुरतात. पण पश्चात्ताप नाही, म्हणजे सगळं आलबेल आहे असंही नाही. शस्त्रक्रिया केल्याचा आनंद आणि दिवा मालवल्यावर कुणासमोर कपडे उतरवण्याची भीती, या दोन्ही गोष्टी एकाच बाईत सुखेनैव नांदू शकतात.

भारतात या विषयाला एक पदर आहे जो बर्लिन-न्यूयॉर्कला नाही. हिजडा परंपरेतलं निर्वाण शतकानुशतकं चालत आलं आहे. त्यात लिंग आणि वृषण काढले जातात, योनी घडवली जात नाही. पूर्वी हे काम दायमा, म्हणजे हिजडा समाजातलीच जाणती दाई, करायची. बहुचरा मातेचं नाव घेऊन केलेला हा त्याग वासनेपासून सुटका देतो आणि आशीर्वाद देण्याची ताकद देतो, अशी श्रद्धा. निर्वाण झालेलीला मान जास्त, निर्वाण न करता 'अकवा' राहिलेलीला कमी. निर्वाणानंतर बाळंतिणीसारखा चाळीस दिवसांचा सांभाळ होतो आणि अनेक घरांत या काळात केस विंचरायचे नाहीत, पुरुषाचं तोंड पाहायचं नाही, आरशात पाहायचं नाही, असे नियम पाळले जातात. ए. रेवती यांच्या आत्मकथनात आणि लिव्हिंग स्माईल विद्या यांच्या 'आय ॲम विद्या'मध्ये या जगाचं आतून केलेलं वर्णन आहे. इस्पितळातली शस्त्रक्रिया नेमकं उलटं वचन देते: वासना सोडायची नाही, ती आपल्या वाटणाऱ्या शरीरात अनुभवायची. आजच्या अनेक तरुण चेल्या या दोन्ही वचनांच्या मधोमध उभ्या आहेत. गुरूसमोर त्या विरक्त असतात, आणि गिरियाच्या, म्हणजे प्रियकराच्या, मोबाइलवर रात्री त्यांचा 'जेवलास का?' हा मेसेज गेलेला असतो.

त्या गिरियाचं काय? तो घरी लग्न करणार हे बहुतेक वेळा दोघांनाही आधीपासून माहीत असतं. डेटिंग ॲपवर भेटणाऱ्याला सांगायचं कधी, पहिल्या मेसेजमध्ये, पहिल्या चहाला की पहिल्या स्पर्शाआधी, हा प्रश्न शस्त्रक्रियेनंतर सुटण्याऐवजी अधिक गुंततो, कारण आता न सांगताही चालून जाण्याची शक्यता असते आणि कळल्यावर मार बसण्याचीही. कॅनडातल्या संशोधकांनी 2019 मध्ये प्रसिद्ध केलेल्या पाहणीत 958 जणांपैकी 87.5 टक्क्यांनी आपण ट्रान्स व्यक्तीशी डेटिंगचा विचार करणार नाही असं सांगितलं. भारतीय पडद्यावर हा पेच 'मेड इन हेवन' या वेबमालिकेच्या 2023 च्या दुसऱ्या पर्वातल्या मेहेरच्या रूपाने दिसला. भूमिका केली होती त्रिनेत्रा हलदार गुम्माराजू या ट्रान्स स्त्रीने, ज्या स्वतः डॉक्टर आहेत.

उरलेल्या साडेबारा टक्क्यांत लग्नंही होतात. तमिळनाडूत तुतिकोरिनला 2018 मध्ये अरुणकुमार आणि श्रीजा यांचं लग्न लागलं, निबंधकाने नोंदणी नाकारली. एप्रिल 2019 मध्ये मद्रास उच्च न्यायालयाच्या मदुराई खंडपीठाचे न्या. जी. आर. स्वामिनाथन यांनी हिंदू विवाह कायद्यातल्या 'वधू'मध्ये ट्रान्स स्त्रीही येते असा निर्णय दिला. ॲशलीच्या निकालाला तेव्हा 49 वर्षं झाली होती. मुंबई उच्च न्यायालयाचाही यात वाटा आहे. 2012 मध्ये आसामच्या स्वाती बिधान बरुआ यांची मुंबईत ठरलेली शस्त्रक्रिया वडिलांच्या विरोधामुळे अडली, तेव्हा सज्ञान व्यक्तीला ही शस्त्रक्रिया करण्यापासून रोखणारा कायदाच नाही, हे न्यायालयाने स्पष्ट केलं. सर्वोच्च न्यायालयाच्या 15 एप्रिल 2014 च्या 'नालसा' निकालाने तर लिंगओळखीसाठी शस्त्रक्रियेची सक्ती करता येणार नाही असं बजावलं. ट्रान्स व्यक्तींच्या हक्कांविषयीच्या 2019 च्या कायद्याने पुन्हा गुंता केला: प्रमाणपत्रावर 'स्त्री' लिहून हवं तर शस्त्रक्रियेचा पुरावा द्यायचा. त्याच कायद्याच्या अठराव्या कलमात ट्रान्स व्यक्तीवरच्या लैंगिक अत्याचाराला सहा महिने ते दोन वर्षं शिक्षा ठेवली, तर स्त्रीवरच्या बलात्काराला किमान दहा वर्षं आहे. आपल्या शरीराची किंमत कायदा किती धरतो, हे बिछान्यापर्यंत पोचत नाही असं कुणी समजू नये.

आता आरशाविषयी. शस्त्रक्रियेने एक मोठा सल जातो, हे जवळजवळ सगळ्या जणी सांगतात. घट्ट चड्डी घालून अवयव दाबायचा नाही, पोहायला जाता येतं, अंघोळीला दिवा लावता येतो. पण नजर स्वस्थ बसत नाही. कालपर्यंत जी खाली होती ती आता जबड्यावर, खांद्यांवर, हातांच्या पंजावर, आवाजावर जाते. इंटरनेटवरच्या फोटोंशी तुलना सुरू होते आणि आपले ओष्ठ 'बरोबर' नाहीत, असं वाटू लागतं. प्रत्यक्षात जन्माने स्त्री असलेल्यांतही त्यांच्या आकारात अफाट फरक असतो, पण तो पाहिलेला कुणीच नसतो. ट्रान्स कवयित्री दिशा पिंकी शेख यांनी आपल्या मराठी कवितासंग्रहाचं नाव 'कुरूप' ठेवलं. गोऱ्या, बारीक, नाजूक बाईचा जो साचा सगळ्याच बायकांना काचतो, तो ट्रान्स स्त्रीला परीक्षेच्या पेपरासारखा रोज सोडवावा लागतो, आणि गुण देणारा बहुधा समोरचा पुरुष असतो.

आणि कधी शस्त्रक्रिया बिघडते. मार्ग आकसणं, गुदाशयाकडे भोक पडणं, लघवीची धार वाकडी जाणं, आत केस येणं, हे सारं वैद्यकाला ठाऊक आहे आणि बऱ्याच अंशी दुरुस्तही होतं. केरळच्या पहिल्या ट्रान्स रेडिओ जॉकी अनन्याकुमारी ॲलेक्स 2020 मधल्या आपल्या शस्त्रक्रियेनंतर सतत वेदना होतात, उभंही राहवत नाही, असं जाहीरपणे सांगत होत्या. दाद लागत नव्हती. जुलै 2021 मध्ये त्या कोचीत राहत्या घरी मृतावस्थेत आढळल्या. राज्य सरकारने चौकशीचे आदेश दिले.  वेदनांइतकीच, नंतर कुणी ऐकून घेत नाही, हीही त्यांची तक्रार होती.

पैशाची सोय काही प्रमाणात झाली आहे. तमिळनाडूत सरकारी रुग्णालयांत ही शस्त्रक्रिया मोफत होते. ऑगस्ट 2022 मध्ये आयुष्मान भारतमध्ये ट्रान्स व्यक्तींसाठी वर्षाला पाच लाखांच्या संरक्षणाचा करार झाला. टाके निघाल्यानंतरची सोय मात्र विरळाच. हैदराबाद, कल्याण आणि पुण्यातली मित्र क्लिनिक हार्मोनपासून समुपदेशनापर्यंत सगळं एका छताखाली देत होती. ती अमेरिकी मदतीवर चालत. 2025 च्या सुरुवातीला ती मदत थांबली आणि क्लिनिक बंद झाली.

मराठीत अशा पुस्तकाला घराणं आहे. र. धों. कर्व्यांनी 1927 पासून 1953 पर्यंत 'समाजस्वास्थ्य' मासिक चालवलं आणि बाईचं सुख हा विषय मराठी वाचकांच्या दिवाणखान्यात आणला. 1934 मध्ये समलिंगी संबंध आणि हस्तमैथुन यांविषयीच्या वाचकांच्या प्रश्नांना उत्तरं दिल्याबद्दल त्यांच्यावर खटला भरला गेला. त्यांचं वकीलपत्र डॉ. आंबेडकरांनी घेतलं होतं. खटला कर्वे हरले, दंड भरला आणि मासिक पुढे काढत राहिले. ट्रान्स स्त्रियांचे प्रश्न त्या प्रश्नोत्तरांच्या सदरात आले असते तर त्यांनी काय उत्तर दिलं असतं, याचा अंदाज बांधणं अवघड नाही: आधी शरीरशास्त्र, मग ज्याचं शरीर त्याची मर्जी.

पुढच्या प्रकरणांचा क्रमही साधारण तसाच आहे. पहिला भाग पहिल्या तीन महिन्यांचा: जखम, डायलेशन, झोप, औषधं, आणि डॉक्टरकडे कधी धावायचं. दुसऱ्यात स्वतःचा स्पर्श, बदललेली इच्छा, जेल आणि कंडोम यांसारख्या व्यवहाराच्या गोष्टी. तिसरा जोडीदारांसाठी आहे, त्यांत नवरे, गिरिया आणि मैत्रिणी सगळे आले. शेवटी कायदा, विमा आणि तपासण्यांची यादी. ज्यांनी शस्त्रक्रिया केलेली नाही आणि करायचीही नाही, त्यांनी दुसऱ्या भागापासून वाचायला सुरुवात केली तरी चालेल. त्यातल्या बऱ्याचशा गोष्टींना शस्त्रक्रिया लागत नाही.